न दिसलेल्या देवमाशांचा हिशेब: संख्या आणि वावर यांचा अंदाज कसा बांधावा

जळगावहून तापीच्या काठाने पश्चिमेला निघाल्यास समुद्र गाठायला सुमारे ३०० किलोमीटर जावे लागते. तरीही देवमाशांची संख्या आणि त्यांचा वावर यांचा अंदाज कसा बांधतात, हे खानदेशात बसून बऱ्याच अंशी शिकता येते, कारण या कामाचा समुद्रावरचा भाग थोडा आणि टेबलावरचा भाग फार मोठा असतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील संख्याशास्त्राचे व प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, तसेच हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात पाणपक्षी मोजणारे निरीक्षक यांना समोर ठेवून हे मार्गदर्शन लिहिले आहे. गणिताची तयारी बारावीपर्यंतची असली तरी पुरे. मात्र नोंदवही नीट ठेवण्याची सवय नसेल, तर ती आधी लावून घ्यावी.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. देवमाशांची शिरगणती होत नाही. श्वास घेण्यापुरता वर येऊन उरलेला वेळ पाण्याखाली काढणारा हा प्राणी आहे. क्युव्हिए बीक्ड व्हेल या जातीच्या एका देवमाशाने एकाच बुडीत ३ तास ४२ मिनिटे काढल्याची नोंद आहे. त्यामुळे दिसलेल्यांची संख्या हाती आली म्हणजे काम नुकते सुरू झाले असे समजावे. न दिसलेले किती असतील याचा हिशेब मांडणे हेच खरे काम होय. पुढील प्रत्येक पद्धतीत हा हिशेब निराळ्या वाटेने होतो, आणि ज्या आकड्यामागे तो झालेला नसेल, तो आकडा अंदाजपंचे समजून बाजूला ठेवावा.

आधी प्रश्न नेमका करावा

‘अरबी समुद्रात देवमासे किती?’ या प्रश्नाला उत्तर नाही. जात कोणती, क्षेत्र कोणते आणि ऋतू कोणता हे तिन्ही ठरल्याशिवाय मोजणीला हात घालू नये. दक्षिण गोलार्धातील हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात अंटार्क्टिकाजवळ खातात आणि हिवाळ्यात विणीसाठी उष्ण पाण्यात येतात, तर अरबी समुद्रातील हंपबॅक वर्षभर याच समुद्रात राहतात. म्हणून एकाच जातीच्या दोन समूहांसाठी मोजणीचे महिने आणि जागा वेगवेगळ्या निघतात. मोजणी सुरू असताना समूहात येणे-जाणे, जन्म-मृत्यू नगण्य असतील तर तो समूह ‘बंद’ मानता येतो, एरवी ‘खुला’. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण खुल्या समूहाला बंद समूहाचे सूत्र लावल्यास उत्तर सहज दीडपट-दुप्पट होऊन बसते.

रेषेवरून मोजणी

संपूर्ण समुद्र पालथा घालणे शक्य नसल्याने त्यातील काही रेषांवरून जहाज किंवा विमान नेतात. खानदेशातील वाचकाला ही कल्पना नवी नाही. पीक कापणी प्रयोगात गावातील शेत आणि शेतातील ठरावीक मापाचा तुकडा चिठ्ठीने निवडतात, तेथील उत्पन्न मोजतात आणि त्यावरून साऱ्या मंडळाचा उतारा काढतात; तुकडा निवडताना बांधाजवळचे चांगले पीक बघून निवडला, तर पुढचे सगळे गणित वाया जाते. समुद्रातील रेषाही याच न्यायाने आखाव्यात. पहिल्या रेषेचा आरंभबिंदू यादृच्छिक घ्यावा, पुढील रेषा त्यापासून समान अंतरावर किंवा नागमोडी ठेवाव्यात, आणि त्या किनाऱ्याला समांतर न नेता उथळाकडून खोलाकडे न्याव्यात, कारण देवमाशांची दाटी बहुधा खोलीनुसार बदलते. जिथे मच्छीमारांना देवमासे नेहमी दिसतात तिथेच फिरून आलेले जहाज सुंदर छायाचित्रे आणील, संख्या आणणार नाही.

देवमासा दिसताच दोन मापे घ्यावीत: त्याचे जहाजापासूनचे थेट अंतर, आणि जहाजाच्या दिशेपासून तो किती अंशांवर आहे तो कोन. अंतराला कोनाच्या साइनने गुणले की रेषेपासूनचे लंब अंतर मिळते. २ किलोमीटरवर ३० अंशांत दिसलेल्या देवमाशाचे लंब अंतर १ किलोमीटर भरते. इथे निरीक्षकांची एक खोड सांगितली पाहिजे. माणूस सवयीने ५, १०, १५ असे गोल आकडे लिहितो, आणि ३ अंशांवरचा प्राणी बेधडक शून्य अंशावर टाकतो. २ किलोमीटरवर ३ अंश म्हणजे सुमारे १०५ मीटर लंब अंतर; ते शून्य झाले की रेषेवर खोटी गर्दी जमते, ‘लांबचे फार निसटले’ असा निष्कर्ष निघतो आणि एकूण संख्या फुगते. म्हणून कठड्यावर अंश आखलेली फळी बसवावी, आणि अंतर नुसत्या नजरेने न ठरवता दुर्बिणीतील रेघांच्या साहाय्याने क्षितिजापासून खाली मोजावे.

गोळा झालेल्या लंब अंतरांचा स्तंभालेख काढावा. रेषेजवळचे स्तंभ उंच आणि दूरचे ठेंगणे होत जातात. या उतारावरूनच अंतर वाढते तशी प्राणी दिसण्याची शक्यता कशी घटते, त्याची वक्ररेषा बसवतात. ही रेषा भरवशाची यावी यासाठी निदान ६० ते ८० नोंदी हव्यात. तिच्यावरून ‘परिणामी रुंदी’ मिळते, म्हणजे रेषेच्या एका बाजूची अशी रुंदी की तिच्यातील सर्व प्राणी दिसले असे मानले तरी नोंदींची संख्या तेवढीच भरेल. हे गणित करणारी ‘डिस्टन्स’ ही प्रणाली विनामूल्य मिळते.

आता एक कल्पित उदाहरण सोडवू. ४०० किलोमीटर रेषांवर देवमाशांचे ६४ गट दिसले, परिणामी रुंदी १.६ किलोमीटर निघाली, गटात सरासरी १.५ प्राणी होते आणि पाहणीचे क्षेत्र २०,००० चौरस किलोमीटर होते. दोन्ही बाजू धरून पाहिलेले क्षेत्र १,२८० चौरस किलोमीटर झाले. ६४ ला १,२८० ने भागल्यास दर चौरस किलोमीटरला ०.०५ गट, म्हणजे ०.०७५ प्राणी येतात, आणि संपूर्ण क्षेत्रात १,५०० देवमासे निघतात.

पण या १,५०० मध्ये एक गृहीतक दडले आहे: ऐन रेषेवरचा प्रत्येक देवमासा दिसलाच. हे क्वचितच खरे असते. समजा ही जात २ मिनिटे वर राहते आणि १८ मिनिटे बुडी मारते, आणि जहाजावरून समुद्राचा एखादा ठिपका १० मिनिटे नजरेच्या टप्प्यात असतो. तर त्या अवधीत प्राणी कधी तरी वर दिसण्याची शक्यता २ अधिक १० भागिले २०, म्हणजे ०.६ येते. १,५०० ला ०.६ ने भागल्यावर संख्या २,५०० होते. हीच पाहणी विमानातून केली आणि ठिपका फक्त अर्धा मिनिट टप्प्यात राहिला, तर शक्यता ०.१२५ वर घसरते, आणि दिसलेल्या प्रत्येक प्राण्यामागे आठ धरावे लागतात. विमानाने काम झटपट होते हे खरे. मात्र बुडीचा काळ ठाऊक नसेल, तर त्या झटपट कामाला माझ्या मते फारशी किंमत नाही.

मेहरूण तलावावरचा सराव

हे सारे जळगावच्या मेहरूण तलावावर टिबुकलीच्या साहाय्याने करून पाहता येते, कारण टिबुकलीही बुडी मारून दिसेनाशी होते आणि भलतीकडेच वर येते. एकाने स्टॉपवॉच घेऊन एकाच पक्ष्यावर नजर खिळवावी आणि तो किती सेकंद वर, किती सेकंद खाली हे ओळीने लिहावे. अशा निदान वीस-पंचवीस बुड्या वेगवेगळ्या पक्ष्यांच्या घ्याव्यात. बुडीनंतर वर आलेला पक्षी तोच की दुसरा अशी शंका आल्यास ती नोंद तिथेच तोडावी. दुसऱ्याने ठरलेल्या वेगाने दुर्बीण डावीकडून उजवीकडे एकदाच फिरवून दिसतील तेवढे पक्षी मोजावेत, आणि मग पहिल्याच्या नोंदींवरून वर काढली तशी शक्यता काढून दुसऱ्याचा आकडा सुधारावा.

पक्षी वर असूनही नजरेतून सुटतो, तो दोष निराळा. त्यासाठी दोन निरीक्षकांनी शेजारी उभे राहून, एकमेकांशी न बोलता, प्रत्येक पक्ष्याची जागा आणि वेळ लिहावी. पहिल्याला ४० दिसले, दुसऱ्याला ३६, आणि दोघांनाही दिसलेले ३० निघाले, तर एकूण संख्या ४० गुणिले ३६ भागिले ३०, म्हणजे ४८ येते. म्हणजे पहिल्याच्या नजरेतून आठ निसटले आणि त्यांपैकी सहा दुसऱ्याने टिपले. संशोधन-जहाजांवरही दोन चमू एकमेकांना ऐकू जाणार नाही अशा दोन मचाणांवर याच कारणासाठी बसवतात. वारा सुटून पाण्यावर लाटांचे पांढरे तुरे दिसू लागले, की त्या वेळेची नोंद वेगळी ठेवावी किंवा मोजणी थांबवावी. मेहरूणवरही दुपारच्या वाऱ्यात टिबुकली शोधणे किती अवघड होते, ते लगेच कळेल.

किनाऱ्यावरून मोजणी

करडे देवमासे अलास्काजवळचे समुद्र आणि मेक्सिकोच्या खाड्या यांच्यामध्ये ये-जा करताना कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला चिकटून जातात, त्यामुळे त्यांना जमिनीवरूनच मोजता येते. ग्रॅनाइट कॅन्यन येथील मोजणीत दिवसा पाहिलेल्यांवरून रात्रीचे आणि धुक्यातले किती गेले ते काढतात, आणि रात्रीचा वेग पडताळण्यासाठी उष्णता टिपणारे कॅमेरे वापरतात. या मोजणीनुसार २०१६ च्या सुमारास सुमारे २७,००० असलेली संख्या २०२३ मध्ये सुमारे १४,५०० वर आली. इतकी मोठी घट लक्षात आली ती पद्धत वर्षानुवर्षे एकच ठेवल्यामुळे.

अलास्कातील बॅरो (आताचे उटकियाग्विक) येथील बोहेड देवमाशांचे प्रकरण अधिक शिकवणारे आहे. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने, हे देवमासे फारच थोडे उरले आहेत असे मानून, तेथील मूळनिवासी इनुपियाट लोकांच्या पारंपरिक शिकारीवर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. शिकाऱ्यांचे म्हणणे होते की बर्फाच्या कडेवरून दिसतात त्याहून कितीतरी अधिक देवमासे दूरवरून आणि बर्फाखालून जातात. पुढे बर्फाच्या कडेला पाण्यात ध्वनिग्राहक सोडून आवाजावरून देवमाशांच्या जागा ठरवल्या गेल्या, तेव्हा शिकाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. २०११ च्या मोजणीतून ही संख्या सुमारे १७,००० निघाली. तेव्हा पाहणीचा आराखडा करण्यापूर्वी त्या पाण्यावर पोट असलेल्या माणसांना ‘तुम्हाला दिसतात पण आम्हाला दिसणार नाहीत असे प्राणी कोठे असतात?’ हे अवश्य विचारावे. हतनूरच्या मच्छीमारांनाही विचारावे.

खूण ओळखून मोजणी

हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. राइट व्हेलच्या डोक्यावरील खरखरीत चट्टे आणि निळ्या देवमाशाच्या अंगावरील करडे ठिपकेही असेच ओळखीचे काम करतात. त्यामुळे प्राण्याला हातही न लावता, छायाचित्रावरून ‘हा आधी भेटला होता’ असे म्हणता येते. पहिल्या फेरीत ओळखलेले, दुसऱ्या फेरीत दिसलेले आणि दोन्हींत सामाईक असलेले, या तीन आकड्यांवरून संख्या निघते.

याचा सराव घरात करावा. डबाभर हरभरे घ्यावेत, त्यांतील २०० मोजून बाहेर काढावेत, नेलपॉलिशचा ठिपका देऊन वाळवावेत आणि परत टाकून डबा चांगला हलवावा. मग न बघता मुठी भरून २५० हरभरे काढावेत. समजा त्यांत १२ ठिपक्याचे निघाले. साध्या प्रमाणाने २०० गुणिले २५० भागिले १२, म्हणजे सुमारे ४,१६७ येतात. पण सामाईक संख्या लहान असताना हे सूत्र फुगते, म्हणून संख्याशास्त्रज्ञ चॅपमन यांचे १९५१ चे सूत्र वापरावे: २०१ गुणिले २५१ भागिले १३, त्यातून १ वजा, म्हणजे ३,८८०. या उत्तराची प्रमाण त्रुटी सुमारे ९७७, आणि ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरी संख्या जिच्यात असण्याचा भरवसा धरता येतो ती खालची-वरची हद्द) अंदाजे २,४०० ते ६,३०० अशी ऐसपैस निघते. सामाईक १२ च असल्याचा हा परिणाम. डबाभर हरभऱ्यांच्या बाबतीत शेवटी सगळे मोजून ताळा करता येतो, आणि तो जरूर करावा, कारण समुद्रात ती सोय नाही.

मग तोच प्रयोग नेलपॉलिशऐवजी ओल्या कुंकवाने करावा. डबा हलवताना काही दाण्यांचे कुंकू झडते. खरे सामाईक १५ असून तिघांची खूण पुसल्यामुळे १२ च ओळखले, तर ३,१५२ ऐवजी ३,८८० हे उत्तर येते, म्हणजे हरभरे न वाढता संख्या सुमारे २३ टक्क्यांनी वाढते. देवमाशांच्या बाबतीत अंधूक छायाचित्र हेच काम करते. म्हणून जुळवणीला बसण्याआधी प्रत्येक छायाचित्राला स्पष्टतेचा दर्जा द्यावा, ठरावीक दर्जाखालचे सरसकट बाद करावेत आणि दोघांनी स्वतंत्रपणे जुळवणी करून मतभेद तपासावेत. ‘हा ओळखीचा वाटतो म्हणून राहू द्या’ अशी सवलत अंधूक छायाचित्राला देऊ नये. मग अंधूक पण ओळखीचे आत येतात आणि अंधूक अनोळखी बाहेर राहतात.

सर्व प्राण्यांची भेट होण्याची शक्यता सारखी नसणे हा याहून अवघड दोष. काही देवमासे बुडी मारताना शेपटी उचलतच नाहीत. उत्तर अटलांटिकमध्ये १९९२ आणि १९९३ साली हंपबॅकची जी मोठी पाहणी झाली, तिच्यातील छायाचित्रांवरून सुमारे १०,६०० ही संख्या निघाली. त्याच काळात कातडीच्या लहान नमुन्यांतील डीएनए ही खूण मानून विणीच्या क्षेत्रात मोजले असता ४,८९४ नर आणि २,८०४ माद्या आल्या. नर-माद्या निम्म्या-निम्म्या असायला हव्यात, तेव्हा यातील तफावत माद्यांच्या कमतरतेपेक्षा माद्या विणीच्या क्षेत्रात कमी सापडण्याकडे बोट दाखवते. छायाचित्रात नर-मादी सहसा कळत नाही. डीएनएमध्ये कळते, म्हणून हा दोष उघडा पडला.

वावर कसा शोधावा

जुन्या काळी देवमाशाच्या अंगात क्रमांक कोरलेली पोलादी नळी बंदुकीने मारत आणि तो मारला गेल्यावर ती कोठे सापडली ते पाहत. आज उपग्रह-टॅग वापरतात. त्याची शलाका (अँटेना) पाण्याबाहेर आल्यावरच संदेश जातो, म्हणून ठिकाणे तुटक मिळतात आणि त्यांतील काही कित्येक किलोमीटरने चुकीची असतात. आकडे हाती आल्यावर प्रथम वेळा एकाच प्रमाणवेळेत आणाव्यात (भारतीय वेळेतील साडेपाच तास विसरले, की देवमासा उगाच धावू लागतो), मग लागोपाठच्या दोन ठिकाणांमधील वेग काढून अशक्य वेगाची ठिकाणे गाळावीत, आणि उरलेल्यांवरच मार्ग आखावा.

आपल्या समुद्राचे उदाहरण लुबान या हंपबॅक मादीचे आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानजवळ तिला टॅग लावला. ती अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी आली, दक्षिण टोकापर्यंत गेली आणि ओमानला परतली. ओमानच्या पाण्यातील २००० ते २००४ या काळातील छायाचित्रांवरून तेथील हंपबॅकची संख्या ८२, विश्वासमर्यादा ६० ते १११, अशी काढलेली आहे. लुबानचा प्रवास ठाऊक झाल्यावर हा आकडा ‘ओमानच्या देवमाशांचा’ की ‘अरबी समुद्रातल्या देवमाशांचा’ हा प्रश्न उभा राहतो, आणि संख्या व वावर वेगवेगळे का अभ्यासता येत नाहीत हे त्यातून कळते. मात्र एका मादीच्या मार्गावरून साऱ्या समूहाचा मार्ग ठरवू नये.

छायाचित्रांच्या जुळवणीतून वावरही कळतो, आणि हे काम इंटरनेट असलेल्या कोणत्याही गावातून करता येते. ‘हॅपीव्हेल’ या संकेतस्थळावर जगभरातून आलेली शेपट्यांची छायाचित्रे संगणक जुळवतो. कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर टिपलेला एक नर २०२२ मध्ये झांझिबारजवळ दिसला, दोन जागांमधले अंतर १३,०४६ किलोमीटर, ते याच मार्गाने उमगले. इथेही तो कोणत्या वाटेने गेला हे छायाचित्र सांगत नाही. दोन टोके तेवढी पक्की.

आवाज हा तिसरा मार्ग. निळ्या देवमाशांच्या समूहागणिक गाणे वेगळे असते, आणि लक्षद्वीपजवळ पाण्यात ठेवलेल्या ध्वनिमुद्रकांनी त्यांची गाणी टिपली आहेत. परंतु गातात ते नर, आणि तेही सर्वकाळ नाही. म्हणून आवाजावरून ‘येथे आहेत’ हे खात्रीने म्हणता येते, ‘येथे नाहीत’ हे म्हणता येत नाही.

आकडा लिहिताना

केवळ एक संख्या कधीही लिहू नये. तिच्यासोबत विश्वासमर्यादा, क्षेत्र, काळ आणि बुडीची दुरुस्ती केली की नाही हे लिहावे. अंटार्क्टिक मिंक देवमाशांची संख्या १९८५-८६ ते १९९०-९१ या फेरीत सुमारे ७,२०,००० आणि १९९२-९३ ते २००३-०४ या फेरीत सुमारे ५,१५,००० अशी मान्य झाली आहे. नुसते आकडे पाहणारा लगेच घट जाहीर करील. मर्यादा पाहिल्या तर पहिल्या आकड्याची खालची बाजू सुमारे ५,१२,०००, दुसऱ्याची वरची बाजू सुमारे ७,३३,०००. दोन्ही एकमेकांत शिरतात. शिवाय जहाजांना बर्फात जाता येत नव्हते, आणि त्या बर्फात किती देवमासे होते हा प्रश्न दोन्ही फेऱ्यांत सारखाच असेल असे नाही.

हे आकडे २०१२ मध्ये मान्य झाले, म्हणजे शेवटच्या फेरीनंतर आठ वर्षांनी, आणि ते जुन्याच नोंदींवर नवी गणिते बसवून आले. ते शक्य झाले कारण प्रत्येक दर्शनाचा मूळ कोन, मूळ अंतर, वेळ आणि वाऱ्याची स्थिती जपून ठेवलेली होती. म्हणून मेहरूणच्या टिबुकल्यांच्या वहीतही फक्त बेरीज लिहून कच्ची पाने फाडू नयेत. सेकंद, जागा आणि निरीक्षक यांसह ती तशीच ठेवावीत.